बाईसाहेब बेटावर राहतात

त्या बेटावर तोवर कुणी घोडा पाहिलेला नव्हता, म्हणजे चित्रात सोडून. डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत मोटार जात नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या तबेल्यातून घोडी मागवली आणि मालकांनी तिला पोचवायला मला धाडलं. शिंगरू असल्यापासून तिला मीच सांभाळलेलं. नखरे भारी, म्हणून आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो.

चार दिवस राहायचं, डॉक्टरीणबाईंना घोडीवर बसायला शिकवायचं आणि त्याच बोटीनं परतायचं, असं ठरलं होतं. घरी लेकीचे दिवस भरत आले होते. पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि आई समुद्रापलीकडे घोडीच्या चंदीचे हरभरे भिजवत बसलीय!

बाईसाहेबांनी मात्र बेटावर पाय ठेवल्यापासून दाण्याला तोंड लावलं नाही.

माणसं भली होती, पण त्यांच्या उत्साहाला आवर नव्हता. सुतारकाकांनी जुन्या कोठाराचं दार कापून उंच केलं. चपलांच्या दुकानदारानं खोगिराच्या पट्ट्यांची मापं घेतली आणि वर मलाच विचारलं, "वहिनी, हिला चपला किती नंबरच्या लागतील हो?" दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कोठारात गादी!

"बिचारी रात्रभर उभीच होती," सुतारकाका म्हणाले. घोडं उभ्या उभ्या झोपतं, हे मी सांगितलं, तर मी थापा मारतेय असंच त्यांना वाटलं.

"एक जनावर आलं आणि गावाला केवढं काम लागलं," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "जगभर असंच झालं असणार, नाही? घोडा जिथं गेला तिथं दारं बदलली, रस्ते बदलले, धंदे बदलले."

"आणि त्याला पोचवायला गेलेली माणसं? ती परत गेली का?" मी विचारलं.



मी घोडीपाशी बसून राहिले. खरारा केला, हातानं घास भरवून पाहिला. मी उठून दाराबाहेर गेले की ती खिंकाळायची. माझ्यावाचून हिचं पान हलत नाही, असं मला वाटलं आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. शेवटी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "बोट जाऊ दे. पुढची महिन्यानं येईल, तेव्हा जाईन." लेकीला काय कळवायचं, या विचारानं मग माझ्याच घशाखाली घास उतरेना.

बोट सुटायच्या आदल्या दिवशी दुपारी सुतारकाकांची शेळी उघड्या दारातून घुसली आणि तिनं थेट चंदीच्या घमेल्यात तोंड घातलं. मी काठी शोधेपर्यंत बाईसाहेबांनी मान खाली केली, शेळीच्या पाठीवरून नाक फिरवलं आणि दुसऱ्या बाजूनं खायला लागल्या. दोघींनी मिळून घमेलं चाटूनपुसून साफ केलं.

मी कपाळावर हात मारला. घोडं कळपातलं जनावर, त्याला एकटं ठेवू नये, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले. तिला कुणाची तरी सोबत हवी होती. मीच हवी होते असं थोडंच होतं! मी बाहेर जाऊन उभी राहिले. खिंकाळी आली नाही. लेकीकडे जायला मोकळी झाले, तरी मनाला इतकं लागलं की सुतारकाकांवर उगीचच खेकसले. त्यांनी बिचाऱ्यांनी शेळी तिथंच ठेवायचं कबूल केलं.

डॉक्टरीणबाई धक्क्यावर सोडायला आल्या. "तिला तुमची फार आठवण येईल हो," त्या म्हणाल्या.

"काही येत नाही," मी म्हटलं, आणि बोट सुटल्यावर पोटभर रडून घेतलं.