ओरखड्याचं पाऊल

प्रतीक्षाने अस्वलाचं डोकं पुन्हा खोडलं. खोडरबराचा चुरा तिने फुंकरीने उडवला आणि तो नेमका चहाच्या कपात पडला. तिने तो बोटाने काढून टाकला आणि कागद उन्हाकडे धरला. खोडून खोडून त्या जागी कागदाचा जीव गेला होता.

बाकीचं पान तयार होतं. डोंगरातलं खोरं, घाणेरीच्या जाळ्या, आणि खोऱ्याच्या तोंडाशी कुऱ्हाड उगारून उभा असलेला ओरखडा. कपाळापासून हनुवटीपर्यंत तीन खोल चरे, डावा डोळा अर्धा मिटलेला, अंगात कुणाचा तरी ढापलेला कोट. कुऱ्हाड ज्याच्यावर उगारली होती, ते तेवढं कागदावर यायचं नाव घेत नव्हतं.

ओरखडा काही देवमाणूस नव्हता. तो ठेकेदारांच्या तिजोऱ्या फोडायचा, वाळू चोरणाऱ्यांची बोटं मोडायचा आणि मिळेल त्यातलं अर्धं स्वतःच्या खिशात घालायचा. तरी तिच्या या चित्रकथेच्या नऊ भागांत वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. त्याचं पाऊल वाजत नसे, ही त्याची खरी मिजास. इतरांच्या चौकटींत धाड, खाड, फटाक अशी अक्षरं नाचायची. ओरखडा चालतो त्या चौकटीत आवाजाचं एक अक्षर नसायचं. पण हाच गडी चौथ्या भागात खोऱ्याच्या तोंडाशी पोचला आणि हाताशी आलेला चोर सोडून माघारी फिरला. का, ते प्रतीक्षाने लिहिलं नव्हतं. तेव्हापासून वाचकांनी तिचा पिच्छा पुरवला होता. शेवटच्या भागात सांगते, असं ती सगळ्यांना म्हणत आली, आणि तो शेवटचा भाग आता तिच्या मांडीवर होता. पुण्यात जमेना म्हणून ती सगळा पसारा घेऊन अमडापूरला वडिलांच्या घरी येऊन बसली होती. इथेही जमत नव्हतं.

फोन वाजला. प्रकाशक वकारभाई. मूळचे नांदुऱ्याचे, त्यामुळे पुण्यातल्या कचेरीतही तिच्याशी गावचंच बोलायचे.

"झालं का काम?"

"अस्वल येऊन नाही राह्यलं, वकारभाई."

"गुंड काढले तू, पोलीस काढले, फुटलेलं धरण काढलं. एक जनावर नाही निघत?"

"नाही निघत."

वकारभाईंचा आवाज उतरला. तिचा चेहरा त्यांनी पाहिलेला होता.

"हे पाय, जबरदस्ती नाही. पन मुखपृष्ठ जाहीर झालं. कुऱ्हाड दाखवली आपन, आता लोकाईले मेलेलं अस्वल पायजे. तुले जड जात असन तर तेवढं एक पान मी दुसऱ्याकडून काढून घेतो."

"दुसऱ्यानं काढलं तर ओरखडा माह्या राहत नाही."

"मंग सोमवारपर्यंत पाय."

त्यांनी हे मायेनेच म्हटलं होतं. मायेने म्हटलेलं जास्त लागतं. फोन ठेवल्यावर तिने नेहमीच्या सवयीने डावा गाल तळहाताने झाकला.

ओरखड्याच्या तोंडावरचे चरे आले कुठून, हे तिला ओळखणाऱ्या कुणाला विचारावं लागत नसे. ते तिच्याच गालावर होते. नऊ वर्षांची असताना, नाल्यापलीकडच्या बांधावर, बोरांच्या दिवसांत. फाटलेला गाल शिवून झाला, डोळा वाचला, शाळा सुटली नाही. घरात मात्र त्या दिवसापासून अस्वल हा शब्द कुणी उच्चारला नाही. बोलावंच लागलं तर सगळे नुसतं "ते" म्हणत. वडील, निवृत्तीभाऊ, कितीतरी दिवस कुऱ्हाड घेऊन डोंगरात हिंडले आणि "ते" सापडेना तेव्हा त्यांनी बांधावरच्या साऱ्या जाळ्या तोडून जाळल्या. प्रतीक्षाने पुन्हा नाला ओलांडला नाही. तिला त्या सकाळचं काही आठवत नसे. एक ओला, कुबट वास आठवे आणि मग अंधार. वासाचं चित्र कसं काढणार?

ठक्, ठक्, ठक्. काठी आपटत तानुआत्या अंगणात आली. ही वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून याच घरी राहणारी. तिची काठी म्हणजे घरातल्यांच्या थट्टेचा कायमचा विषय होता. पाय ठणठणीत असून ती काठी घ्यायची, आणि शेतातच नाही, आठवडी बाजारातही ठोकत चालायची. वर मधूनमधून खाकरायची. बाजारातली माणसं मागे वळून वाट द्यायची आणि प्रतीक्षाचे वडील म्हणायचे, "आली आमची मोटारगाडी."

आत्याने वाकून कागद पाहिला.

"हे काय काढून राह्यली व? म्हैस?"

प्रतीक्षाला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरले. तिने कागद उलटा ठेवला.

"आत्या, तू होती न तवा माह्यासंग? तू पाह्यलं त्याले?"

या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. आत्याने आत, स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"त्याले नाही पाह्यलं," ती म्हणाली. "तिले पाह्यलं."

"म्हंजे?"

"चाल. अठी नाही सांगत. बोरीपाशी चाल."

प्रतीक्षा नाही म्हणणार होती. तिची नजर उलट्या कागदावर गेली, मन वकारभाईंच्या त्या दुसऱ्या चित्रकाराकडे गेलं, जो खुशाल एक अस्वल काढून देईल. तिने चपला घातल्या.

ऊन चांगलं वर आलं होतं. तुरी कापून झालेल्या शेतांत नुसती खुंटं उरली होती. आत्या पुढे, काठी दगडांवर आपटत, खाकरत, मोठमोठ्याने कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत. प्रतीक्षा मागे. नाल्याशी आल्यावर तिचे पाय थांबले. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि एवढ्याशा पाण्यापुढे भीती वाटते याची लाजही वाटत होती. आत्याने मागे वळून पाहिलं नाही, की हातही दिला नाही. नाल्यापलीकडे उभी राहून ती नुसती काठी ठोकत राहिली. शेवटी प्रतीक्षा त्या आवाजाच्या मागोमाग पाण्यात उतरली.

बोर बांधावरच होती. वाटत होती तेवढी मोठी नव्हती. खाली पिकली बोरं पडली होती. आत्याने चार उचलली, पदराला पुसली, दोन तिच्या हातावर ठेवली.

"पुंजाजीची बोर. पुंजाजी गेला, हे उभी हाय. खट माणूस. पोराईनं एक बोर उचललं तरी गोटा मारे."

"हे आठवते मले."

"मंग त्या दिवशी तू काय म्हनली, ते आठवते?"

प्रतीक्षाने मान हलवली.

"मी काठी वाजवत येऊन राह्यली होती. डोंगराकडं जाताना वाजवाच लागते. आवाज झाला का ते जनावर आपल्या वाटनं निंगून जाते. त्याले कुठी हौस हाय आपली? तू म्हनली, आत्या, वाजवू नको, पुंजाजी आयकन. म्या काठी काखेत घेतली. तू मांजरीवानी गेली पुढं, पाऊल वाजू न देता."

आत्या थांबली. तिने बोराची बी थुंकली.

"जाळीत ते बी बोरंच खाऊन राह्यली होती. तुह्याकडं पाठ होती तिची. अन् पाठीवर दोन पिल्लं. केसाईले धरून बसलेली. तू अशी जवय गेली का हात लावला असता. वळली, तं तू समोर. ते वरडली, तू वरडली. कोन आंधी वरडलं, ते नाही सांगता येत मले. मंग तिनं मारलं."

प्रतीक्षाने बोरं मुठीत घट्ट धरली होती. बोट गालावरच्या चऱ्यावरून खाली आलं, हनुवटीशी थांबलं.

"म्या काठी उगारली. तेवढ्यात एक पिल्लू पडलं खाली, तिच्या पाठीवरून. चीं चीं करे. तं ते थांबली. माह्याकडं पाहे अन् पिल्लाकडं पाहे. तिनं तिचं घेतलं, म्या माहं घेतलं. दोघी बी पयालो."

 दूर कुठेतरी मोटारसायकल गेली.

"इतके वर्स काऊन नाही सांगतलं मले?" प्रतीक्षाचा आवाज चढला होता. तिला खरंच राग आला होता.

"कोनाले सांगू? तुह्या बाप कुऱ्हाड घेऊन डोंगरात. तुही माय दवाखान्यात तुह्या उशाशी. पोरीचं तोंड फाटलेलं, अन् म्या म्हनावं, ते बी लेकुरवाळी होती? मारलं असतं मले निवृत्तीनं."

"म्हंजे माही चूक होती. मीच चूप गेली."

"नऊ वर्साच्या पोरीची काय चूक व?" आत्या एकदम तडकली. "काठी माह्या हातात होती. चूक काढाचीच असन तं माही काढ. तवापासून वाजवतोच हाय न मी."

प्रतीक्षाने तिच्याकडे पाहिलं. बाजारातली ती ठक्ठक्, वडिलांची ती मोटारगाडी, घरभर पिकणारा तो हशा. हसणाऱ्यांत ती स्वतःही असायची. तिने मुठीतलं एक बोर तोंडात टाकलं. आंबट होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने बोराच्या नावावर खपवलं.

परतताना नाल्याशी ती पुन्हा थांबली. या वेळी तिने हात पुढे केला आणि आत्याने काही न विचारता काठी तिच्या हातात दिली. ती पुढे झाली. पहिले दोन ठोके हलके पडले. तिसरा दगडावर चांगला बसला.

घरी येऊन तिने कोरा कागद घेतला. आधी पिल्लांचे कान काढले, चार लहान लहान गोल. मग केसांत रुतलेल्या त्यांच्या नख्या. मग त्यांच्याखालची रुंद पाठ, मान, आणि शेवटी वळलेलं डोकं. हात अडखळला तो डोळ्यांपाशी. ते कसे होते, हे तिने आत्याला विचारलं नव्हतं. मग विचारायची गरज नाही असं तिच्या लक्षात आलं. भिंतीवरचा आरसा तिने खाली काढला, डावा गाल उजेडाकडे केला आणि नाल्याशी उभं राहिल्यावर स्वतःचे डोळे कसे झाले असतील ते आठवत ती काढत गेली.

दुपारी तिने वकारभाईंना पान फोनवर पाठवलं. लगेच त्यांचा फोन आला.

"अस्वल तं जबरदस्त आलं. पन हे काय, ओरखडा इतक्या दूर काऊन उभा हाय? अन् कुऱ्हाड कुठी गेली?"

"कुऱ्हाड नाही. काठी हाय."

"काठीनं मरन का ते?"

"मरत नाही, वकारभाई. तिच्या पाठीवर पिल्लं हायेत."

ते चित्र पुन्हा बघत असावेत.

"मुखपृष्ठ?" त्यांनी हळूच विचारलं.

"नवं काढून देतो."

शेवटची चौकट राहिली होती. ओरखडा खोऱ्यात शिरतो. कोटाची कॉलर खाली, तोंड प्रथमच पुरतं उजेडात, तिन्ही चरे दिसतायत, हातातली काठी दगडावर टेकलेली. प्रतीक्षाने शाईत टाक बुडवला आणि काठीच्या टोकाशी मोठी, जाड अक्षरं काढली. ठक्. ठक्. ठक्. नऊ भागांनंतर त्याच्या पावलाशी तिने पहिल्यांदाच आवाज लिहिला होता. जरा विचार करून तिने त्याच्या तोंडाशी एक बारीकसं खाकरणंही लिहिलं.

तानुआत्या मागे येऊन कधी उभी राहिली, ते तिला कळलं नव्हतं. काठी अजून प्रतीक्षाच्याच खुर्चीला टेकलेली होती.

आत्याने ती ओली अक्षरं बराच वेळ पाहिली.

"हाव," ती म्हणाली. "आता आयकू जाईन तिले."