फळीखालचा हौद

मी हौद बोलतोय. हौद म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कारंजं आणि कमळं येत असतील, तर ती आधी विसरा. मी डुकरांच्या शेडच्या दारातला हौद आहे. लांबी चार हात, रुंदी दोन हात, खोली जेमतेम घोट्याएवढी. माझ्यात औषधाचं पाणी असतं. बाहेरून आलेल्या माणसाने बुटाचा चिखल ब्रशने घासायचा, माझ्यात उभं राहून शंभर आकडे मोजायचे आणि मग आत जायचं. बस, एवढंच. पण एवढंसुद्धा माणसांकडून नीट होत नाही, म्हणून तर आज बोलायला बसलोय.

मला बांधलं एका गवंड्याने, तेही सगळी दुपार कुरकुर करत.

"डुकरांना पाय धुवायला हौद?" तो म्हणाला.

"डुकरांना नाही हो, तुम्हाला," ताई म्हणाली.

गवंड्याला ते झोंबलं. रागाच्या भरात त्याने माझा उतार उलट्या बाजूला काढला. पाणी सोडायचं भोक एका टोकाला आणि पाणी साचतं दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून मला रिकामं करायचं म्हणजे बादलीने उपसावं लागतं. गवंडी गेला आपल्या घरी, उपसा पडला ताईच्या गळ्यात.

ताई म्हणजे शेडची मालकीण. तिला सगळेच ताई म्हणतात, पण ती खरी ताई एकाचीच, तिच्या धाकट्या भावाची. भाऊ आता चाळिशीचा, मिशा पिकायला लागलेल्या. तरी ताईने हाक मारली की हातातलं काम टाकून येतो. दोघं मिळून साठ माद्या सांभाळायचे. ताईला प्रत्येकीचा स्वभाव पाठ. एक होती तिला ती चिडकी म्हणायची. चिडकीच्या पिल्लांना पहिल्या दिवशी हात लावायची कुणाची टाप नव्हती, एकट्या ताईचा हात तिला चालायचा.

बाहेरच्यांच्या बाबतीत ताई भलतीच कडक. जनावरांच्या डॉक्टरांनासुद्धा तिने सोडलं नाही. ते एकदा ऐंशीवरच बाहेर पडले, तर तिने त्यांना पुन्हा एकपासून मोजायला लावलं. खाद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर पंधरा वर्षं येत होता. तो चिडून म्हणाला, "ताई, मी काय आजारी दिसतो का?"

"तुम्ही नाही, तुमचे बूट दिसतात," ताई म्हणाली.

तेव्हा मला वाटलं, आपलं नशीब थोर आहे. अशी मालकीण मिळायला भाग्य लागतं. मग भावाची कंबर धरली आणि माझ्या भाग्याला दृष्ट लागली.

झालं असं की खाद्याची ढकलगाडी आत न्यायची तर तिचं चाक माझ्यात उतरवावं लागे आणि पलीकडे जोर लावून चढवावं लागे. दिवसातून दहा खेपा. भावाचे हाल ताईला बघवेनात. तिने कुठूनशी एक रुंद फळी आणली आणि माझ्यावर आडवी टाकली.

"गाडी गेली की फळी उचलायची हं."

"हो ताई."

चार दिवस उचलली. पाचव्या दिवशी राहिली. पुढे ती राहिलीच. आणि फळी आहे म्हटल्यावर कोण कशाला पाय भिजवतो? आधी भाऊ तिच्यावरून जायला लागला, मग साक्षात ताई. "आपण घरचेच," ती म्हणायची. "आपण कुठे कुणाच्या शेडमध्ये जातोय?"

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सांगणार कसं? फळीखाली माझं औषध शिळं झालं, त्यात पाचोळा कुजला, एक भुंगा मेला तो आठ दिवस तसाच. डॉक्टर येणार असले की फळी भिंतीला उभी आणि पाणी ताजं. डॉक्टर गेले की फळी परत माझ्या डोक्यावर. पाहुणे येणार म्हणून चादर बदलावी, तशी माझी गत.

मग ती दुपार आली. रस्त्यापलीकडे भावाच्या शाळेतल्या मित्राचं शेड आहे. त्याचा फोन आला, मादी अडली आहे, पिल्लू फिरत नाही, लवकर ये. भावाचा हात बारीक आणि हलका, अडलेली मादी मोकळी करण्यात त्याचा हातखंडा. ताईने दुसऱ्याच्या शेडमध्ये पाऊल टाकायला सक्त मनाई केलेली, पण मित्र रडकुंडीला आलेला. ताई घरी जेवायला गेलेली. भाऊ गेला.

तासाभराने परतला तेव्हा त्याचे बूट शेणाने आणि रक्ताने बरबटलेले. माझ्या काठाशी येऊन तो थांबला. एकदा बुटांकडे बघितलं, एकदा घराच्या रस्त्याकडे. आतून साठ माद्या खाद्यासाठी कल्ला करत होत्या. वेळ टळून गेली होती. त्याने बूट गवतावर दोनदा घासले, ढकलगाडी धरली आणि फळीवरून आत गेला.

अरे, मी खाली होतो! शिळा असेन, घाण असेन, पण होतो. पाय तरी बुडवायचास!

आठव्या दिवशी चिडकी उठली नाही. भावाने तिच्या पिल्लांना उचललं तरी ती गुरगुरली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे कान जांभळे पडले, आणखी सहाजणींना ताप चढला. डॉक्टर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून आले. रक्त नेलं. तीन दिवसांनी कागद हातात घेऊन दारातच उभे राहिले.

"विषाणूचा ताप आहे. याला औषध नाही, लस नाही. सगळीच मारावी लागतील, ताई. चांगली दिसतात तीसुद्धा."

पुढचा दिवस मला सांगवत नाही. शेड दोन दिवसांत मुकं झालं. शेणात, लाकडात विषाणू टिकतो, म्हणून लाकडाचं होतं नव्हतं ते सगळं जाळलं. फळीही गेली त्यात. मला आनंद झाला असं वाटत असेल तुम्हाला. नाही झाला.

खरा जाच त्यानंतर सुरू झाला. ताईला कुणावर तरी खापर फोडायचं होतं, ते तिने ड्रायव्हरवर फोडलं. "दहा शेडं फिरून येतो तो मेला. त्यानेच आणला." त्याला फाटकाच्या आत यायची बंदी झाली. पुढे शेडात पुन्हा पिल्लं आली तेव्हाही बिचारा पोती रस्त्यावर उतरवून मान खाली घालून जायचा. भाऊ ती पोती पाठीवर वाहायचा आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. त्याची कंबर मोडायची, पण जीभ हलायची नाही. सगळ्या जगात दोघांनाच खरं माहीत होतं. एक बोलू शकत होता, पण बोलत नव्हता. दुसरा मी.

डॉक्टरांनी मात्र धीर दिला. शेड खरवडलं, सोड्याने धुतलं, औषध फवारलं, चुना मारला, चाळीस दिवस कुलूप घातलं. मलाही घासून काढलं, रोज ताजं पाणी. मग डॉक्टर म्हणाले, "आता दहा पिल्लं सोडू. पंचेचाळीस दिवसांनी त्यांचं रक्त तपासू. काही निघालं नाही, तर नव्या माद्या आणा. निघालं, तर शेड कायमचं बंद. मग मलाही काही करता येणार नाही."

ताईने दिवस मोजायला घेतले. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. दहा पिल्लं काय खातात, किती खातात, एवढाच तिचा दिवस.

एकतिसाव्या दिवशी एका पिल्लाने खाद्याला तोंड लावलं नाही.

डॉक्टर धावत आले. रक्त घेतलं आणि दाराबाहेर येऊन म्हणाले, "ताई, पहिल्यांदा हा आजार आला कुठून, तेच मला अजून कळलेलं नाही. ते कळत नाही तोवर तो परत येणार नाही असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"त्या ड्रायव्हरनेच," ताई म्हणाली.

भाऊ तेव्हा माझ्यात उभा होता. त्याचे शंभर केव्हाच मोजून झाले होते, तरी तो बाहेर पडत नव्हता.

"ताई, ड्रायव्हर नाही गं. मी."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. मित्राची अडलेली मादी, फळी, आणि जे मलाही माहीत नव्हतं तेसुद्धा. मित्राकडची चार डुकरं आधीच मेलेली होती. त्याने ती मागच्या बाजूला गुपचूप पुरली होती. "कुणाला बोलू नकोस म्हणाला. मी नाही बोललो."

"साठ जनावरं गेली रे!" ताईचा आवाज फाटला. "माझ्यासमोर बसून रोज जेवलास, घास कसा उतरला तुझ्या घशाखाली?"

"नाही उतरला, ताई."

डॉक्टरांनी तोवर फोन लावलाही होता. मित्राच्या शेडमध्ये आजार अजून होता. उरलेली जनावरं काढली, शेड धुतलं, कुलूप घातलं. तिथून पिल्लं घेतलेल्या चार शेडांची तपासणी झाली, एकात ताप सापडला, तोही वेळेवर. दोन महिने आधी तोंड उघडलं असतं, तर ते एक शेड वाचलं असतं. या विचाराने आजही माझं डोकं फिरतं.

आमच्या पिल्लाचं रक्त स्वच्छ निघालं. त्याचं नुसतं पोट बिघडलं होतं! पण रस्त्यापलीकडे आजार होता म्हटल्यावर डॉक्टरांनी दिवस रद्द केले. पंचेचाळीस पुन्हा पहिल्यापासून.

ताई स्वतः ड्रायव्हरकडे गेली. काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी ट्रक आत आला. ड्रायव्हर माझ्यात उभा राहिला आणि मुद्दाम मोठ्याने शंभर मोजले. ताई सगळा वेळ मान खाली घालून उभी होती.

आज नववा दिवस आहे. माझं मागणं फार नाही. माझं पाणी बदला, बूट घासा, आणि घरचा म्हणून कुणाला सोडू नका, कारण विषाणू नातं विचारत नाही. पण मी फक्त बूट धुतो, बाबांनो. कुठे गेला होतात ते तुम्हीच सांगायला हवं.

सकाळी भाऊ कामावर येतो तेव्हा ताई माझ्या काठाशी उभी असते. दोघं फारसं बोलत नाहीत आता. ती एवढंच विचारते, "काल कुठे गेला होतास?" तो सगळं सांगतो. दुकानात गेलो, न्हाव्याकडे गेलो, मित्र रस्त्यात भेटला, लांबूनच बोललो. ती शेवटपर्यंत ऐकून घेते. मग म्हणते, "मोज."

तो पाय माझ्यात ठेवतो आणि मोजायला लागतो.