आत्याबाईंना उपवास नव्हता

डबा मी गाडीत विसरले, हे आधीच सांगून टाकते. कोरेगावहून निघताना मेथीची भाजी, दोन उकडलेली अंडी आणि काकडी बांधून घेतली होती. मिरजेला उतरायच्या घाईत डबा बाकाखाली राहिला आणि गाडी कोल्हापूरकडं निघून गेली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मनुबाई, नुसतं 'ऱ्हाऊ दे गं' म्हणाल्या, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. मधुमेहामुळं ती भरत नव्हती. महिनाभर कडक पथ्य झालं होतं. त्या सकाळी मिरजेच्या डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त घेतलं आणि म्हणाले, "आता पथ्याचं जेवून या. दोन तासांनी परत रक्त बघतो. भात, साखर, बटाटा, साबुदाणा बिलकूल नको. साखरेचा आकडा चढलेला दिसला, तर जखम भरायची नाही, उद्या अंगठा काढावा लागेल."

दवाखान्यासमोर हॉटेल होतं. चौऱ्याहत्तर साली आमच्याकडच्या बायका हॉटेलात उघड्यावर बसत नव्हत्या, म्हणून आम्ही 'फॅमिली रूम'च्या कळकट पडद्यामागं शिरलो. बरोबर मामंजी होते, माझे सासरे लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, लढाईत न डगमगलेले, पण चारचौघांत मान खाली जायला घाबरणारे. बायकोला वात झालाय असं त्यांनी गावात सांगून ठेवलं होतं. आपला ऊस कारखान्याला जातो आणि आपल्याच घरात साखर बाधते, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. मला असल्या मोठेपणाची चीड येते.

वेटर आला. मी सांगितलं, "भात नको, चपाती नको, गोड काही नको. बाकी जे असेल ते आण."

तो पडद्याबाहेर तोंड काढून ओरडला, "फॅमिलीत एक उपास!"

मी नाही नाही म्हणेपर्यंत ताट आलंसुद्धा. साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, वर राजगिऱ्याचा लाडू आणि केळं. भात सोडला तर डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं एका ताटात! मला हसावं की रडावं कळेना.

"ह्ये माघारी घिऊन जा," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी कुजबुजले, "अगं, आलंय तर खा की थोडं. येवढ्यानं काय हुतंय?"

हे 'एवढ्यानं काय होतंय' मी महिनाभर ऐकत होते. बारशात, पूजेत, शेजारणीच्या ओसरीवर. अंगठा मात्र कुणीच द्यायला तयार नव्हतं.

ताट परत गेलं म्हणून मालक आप्पासो स्वतः गल्ल्यावरून उठून आले. भला माणूस होता, हात जोडूनच आत आला. "मावशी, उपासाचं ताट माघारी पाठवू नये. साजूक तूप हाय. तेलाचा हात लागलेला न्हाई."

"आम्लेट मिळंल का?" आत्याबाईंनी विचारलं.

आप्पासोंचे हात जोडलेलेच राहिले. "उपासाला आम्लेट?"

बाहेर बसलेल्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. मामंजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "ऊठ. ऱ्हाऊ दे खाणं."

आत्याबाई उठल्या, पण घरी जायला नाही. लंगडत गेल्या, पडदा कडेपर्यंत सारला आणि भरल्या हॉटेलात उभ्या राहिल्या. "मला उपास न्हाई," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला मधुमेह झालाय. वात न्हाई, मधुमेह. भात खाल्ला तर पायाचा अंगठा जातोय. हसायचं आसंल त्यानं हसून घ्यावं, मला जेवायचंय."

कोणी हसलं नाही. त्या थेट भटारखान्यात गेल्या आणि पातेल्यांवरची झाकणं उघडून बघू लागल्या. आप्पासो मागं मागं. पाचच मिनिटांत पालकाची भाजी, चिरलेला कांदा, दोन अंड्यांचं आम्लेट आणि ताक घेऊन त्या बाहेरच्या टेबलावर बसल्या, गड्यांच्या मधोमध. मी त्यांच्या शेजारी बसले. इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता. मामंजी थोडा वेळ पडद्यापाशी घुटमळले आणि मग आमच्यासमोर येऊन बसले.

दोन तासांनी रक्त दिलं. दुपारी डॉक्टरांनी कागद बघितला. "आकडा उतरलाय. अंगठा राहू दे. पट्टी चालू ठेवा, आणि पथ्य मोडू नका."

मामंजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बाहेर धावले आणि परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी एक पेढा आत्याबाईंच्या तोंडापाशी नेला. "घे, तोंड गोड कर! अंगठा वाचला तुजा!"

मी कपाळावर हात मारला.

आत्याबाईंनी तो पेढा त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्याच तोंडात कोंबला. "आवं, तुमीच खावा," त्या म्हणाल्या. "आन गावात वाटताना सांगा, कशापायी वाटतायसा त्ये."

मामंजींनी भरल्या तोंडानं मान हलवली आणि टांग्याला हात केला.

"टांगा कशाला?" आत्याबाईंनी पदर खोचला. "माजा अंगठा हाय की."

आणि त्या आमच्यापुढं स्टेशनकडं चालू लागल्या.