इंजिन थंड आहे

पुढच्या जाळीतून वाफ येऊ लागली तेव्हा अर्धा घाटही चढून झाला नव्हता. त्याने ट्रक कडेला घेतला. समोरचा काटा मात्र इंजिन थंड असल्याचं दाखवत होता.

सीटमागच्या फळीवर वडील धापा टाकत होते. सकाळी छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्सला वेळ लागेल असं कळलं, आणि भरलेला ट्रक दारातच उभा होता. आईच म्हणाली, यातूनच ने.

तो खाली उतरला. इंजिन उकळत होतं आणि पंखा रेंगाळत फिरत होता. या नव्या गाडीत पंख्याचा वेग कंट्रोलर, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, ठरवायचा. हात कुठे घालावा, त्याला कळेना. इंजिन निवू द्यायचं, पाणी ओतायचं, दोन वळणं चढायची की पुन्हा वाफ.

“माझ्यामुळे तुझा माल अडकला रे,” वडील पुटपुटले.

“मालाचं मरू दे, बाबा. तुम्ही बोलू नका.”

हात करून करून शेवटी एक मोटार थांबली. दोघांनी मिळून वडिलांना खाली घेतलं, तेव्हा त्यांची मान कलंडली होती.

दिवसकार्य उरकल्यावर त्याने ट्रक गॅरेजला नेला. गाडी घाटात तापली एवढंच मेकॅनिकला ठाऊक होतं, घरचं काही नाही. त्याने इंजिन सुरू केलं, तापू दिलं आणि इंजिनचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग दोन बोटांनी उपसला. त्याबरोबर पंखा घोंघावत सुटला.

“सेन्सर खोटं सांगतोय,” तो म्हणाला. “इंजिन थंड आहे म्हटल्यावर कंट्रोलर पंखा कशाला पळवेल? प्लग काढला की त्याला काहीच कळत नाही. मग तो वाईटातलं वाईट धरतो आणि पंखा पूर्ण सोडतो. एवढं केलं असतंस तर घाट आरामात चढला असतास.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मेकॅनिक हात पुसत दुसऱ्या गाडीकडे गेला. हा मात्र पंख्यासमोरच उभा राहिला.

घरी आईने ताट वाढलं आणि गाडीला काय झालं होतं, ते विचारलं.

“मोठा बिघाड होता,” तो म्हणाला. “रस्त्यात होण्यासारखं काम नव्हतं.”

“मग तू तरी काय करणार होतास?” आई म्हणाली.

तो खाली मान घालून जेवत राहिला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.