घोरपडीचे मागचे पाय

ग्लेनडेलच्या जुन्या थिएटरात शनिवारी दुपारी ‘मोहावीची घोरपड’ लागणार हे कळलं, तेव्हा लोरेटा प्रुइट एकटीच खो खो हसली. चौऱ्याऐंशी साली हा सिनेमा आठवडाभरही टिकला नव्हता. आता म्हणे पोरंसोरं घोरपडीचे टीशर्ट घालून बघायला येतात.

सिनेमातल्या घोरपडीच्या रबरी कातड्यात दोन माणसं होती. पुढच्या पायांत ड्वेन हॅस्केल, मागच्या पायांत लोरेटा. पडद्यावर नाव मात्र एकट्या ड्वेनचं. हल्ली तो गावोगाव फोटोंवर सह्या करत, “घोरपड म्हणजे मीच,” असं सांगत फिरायचा.

लोरेटा पॉपकॉर्न घेऊन मागच्या रांगेत बसली. सिनेमा संपल्यावर ड्वेन मंचावर आला.

“ती चाल! त्यासाठी वाळवंटात घोरपडींच्या मागे हिंडलो मी.”

“आणि शेपूट कोण हलवायचं रे, ड्वेन?” लोरेटा ओरडली.

ड्वेनने डोळे बारीक केले. “लोरेटा? तू... अजून आहेस?”

“गुडघे सोडून सगळी आहे!”

लोकांना चेवच चढला. घोरपडीचं कातडं बाहेर काचेत मांडलेलं होतं. ते जपणाऱ्या प्रिसिला बाई नको नको म्हणत राहिल्या, पण लोकांनी ते मंचावर आणून दोघांना त्यात घुसवलंच.

आत अंधार आणि जुन्या रबराचा वास. पुढून कुजबुज आली, “शहाण्यासारखी वाग हं. आधी उजवा पाय.”

“बरं, राजा.”

ड्वेनने उजवा पाय टाकला. लोरेटा खाली बसली. थिएटर हसून लोटपोट. तो डावीकडे वळला, तर तिने मागचा पाय उचलून कुत्र्यासारखा भाषणाच्या मेजाला लावला.

“अगं बये, चारचौघांत!”

“माझं नाव सांग. तोवर घोरपड हलायची नाही.”

“ही अडवणूक झाली!”

“अख्खा उन्हाळा तुझ्यामागे वाकून काढलाय मी. रोज घेवड्याची उसळ चापून यायचास, विसरलास?”

मग पुढचं धड गदागदा हलायला लागलं. ड्वेनला हसू आवरेना. जबड्यातून त्याने आरोळी ठोकली, “मंडळी, मागचे पाय लोरेटा प्रुइट! शेपूटही तिचंच!”

टाळ्यांच्या कडकडाटात लोरेटा उठायला गेली. गुडघ्यांनी दगा दिला. ड्वेनने जोर लावून ओढलं आणि घोरपड मधोमध टरकन फाटली. प्रिसिला बाईंनी हंबरडा फोडला. दोघं पायांतल्या रबरासकट बाजूच्या दाराने निसटले.

गाड्यांच्या आड दम खात लोरेटाने विचारलं, “इतकी वर्षं का नाही सांगितलंस रे?”

ड्वेन पायातलं रबर सोलत म्हणाला, “सांगितलं असतं, तर मी अर्धाच उरलो असतो गं.”

तिने तोंडावर आलेली शिवी गिळली आणि त्याच्या केसांतला रबराचा तुकडा काढला.

बाईंचा राग आठवडाभरात निवळला. आता दोन तुकडे दोन काचांत आहेत, दोन नावांच्या पाट्या लावून. शेपटापुढे जास्त गर्दी असते, असं लोरेटा सांगते. ड्वेन म्हणतो, साफ खोटं.