टमाट्यातलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. किती जुना ते विचारू नका. आमच्यात वय विचारायची पद्धत नाही. गळतो का, एवढंच विचारतात. तर मी गळतो. बुडाला बोटभर चीर आहे आणि काठाचा एक तुकडा केव्हाच उडाला आहे. केज तालुक्यातल्या एका वाडीवर, पत्र्याच्या दोन खोल्यांच्या अंगणात, भिंतीला टेकून मी उभा असतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोटात जे पिकलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म नांदूरघाटच्या एका कुंभाराकडे झाला. आमच्यासारखी थोराड भांडी थापटून थापटून वाढवतात, त्यामुळे लहानपणी मी मार मात्र भरपूर खाल्ला. भट्टीतून काढल्यावर कुंभारानं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "बोलतंय बगा कसं!" मी लई फुशारलो. वाजणं वेगळं आणि बोलणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

मला पसंत केलं ते कडूबाईनं. तेव्हा ती नवी नवरी होती. तिच्यासोबत तिची जाऊ सत्यभामा होती, तीही नवीनच. बैलगाडीत दोघींनी मला मधे धरलं, एकीनं इकडून, एकीनं तिकडून, आणि खिदळत खिदळत घरी आणलं. घरं दोन, मधे कमरेएवढी भिंत, आणि रांजण एक. दोघी माझंच पाणी प्यायच्या. भाकर एकीच्या हातात असली तरी मोडून दोघींच्या तोंडात जायची. उष्टं-बिष्टं काही नाही. एकीनं अर्धी खाल्ली की उरलेली दुसरीची. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. वाटसरूसुद्धा तांब्याभर पिऊन म्हणायचा, "काय गार पानी हाय हो!"

दिवाळी झाली की कडूबाईचं घर ऊसतोडीला जायचं. दाराला कुलूप लागायचं. निघताना ती मला रिकामा करायची, धुवायची, मग माझ्या तोंडात डोकं घालून मोठ्यानं ओरडायची, "येते रं!" माझं पोट उलट बोलायचं, "येते रं… येते रं…" ती हसायची आणि विंचूकाटा शिरू नये म्हणून मला पालथा घालून जायची. पाच-सहा महिने तो शब्द पोटात घेऊन मी अंधारात पडून राहायचो. चैत्रात ती यायची, मला सरळ उभा करायची आणि म्हणायची, "आले बग." एकही वर्ष चुकलं नाही.

मग भांडण झालं, आणि त्याला कारण मीच. दहा वर्षांपूर्वी सत्यभामेची शेळी सुटली, तिचं दावं माझ्याभोवती गुरफटलं, तिनं हिसका दिला आणि मी आडवा झालो. बूड तडकलं. कडूबाईची जीभ आधीच तिखट. हातात भाकर घेऊन ती भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "या भाकरीची शपथ! आजपासून तुज्या दारचं पानी तोंडात घेनार न्हाई मी."

"नगं घिऊ! तुज्यावाचून काय अडलंय माजं?" सत्यभामाही कमी नव्हती.

भाकरीवर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्याकडे कुणी मोडत नाही. नऊ वर्षं दोघी एकमेकींकडे पाठ करून अंगण झाडत राहिल्या. त्या काळात सत्यभामेचा नवरा गेला, कडूबाईचा गेला, तरी अबोला हलला नाही. मला कुणी विचारेनासं झालं. माझ्यात चुलीची राख पडायची, फाटकी पायताणं पडायची. मला राग नव्हता, फक्त लाज वाटायची. एका फुटक्या रांजणापायी दोन बाया बोलायच्या थांबल्या होत्या.

मागच्या दिवाळीला कडूबाई खोकून खोकून वाळली होती. तिनं आपल्या पोराला, भारतला, मला लोटत नेऊन भिंतीला टेकवायला लावलं. माझ्यात अर्ध्यापर्यंत माती आणि लेंडीखत भरलं, आणि राखेत जपलेलं गावरान टमाट्याचं बी टोचलं. तिची सून मनिषा कपाळावर हात मारून म्हणाली, "आत्याबाई, आपुन तर चाललो कारखान्याला. आता पेरून पानी कोन घालील?"

"घालील की कुनीबी," म्हातारी म्हणाली.

सगळे ट्रॅक्टरवर चढल्यावर ती माझ्यापाशी आली. या वेळी ओरडली नाही. वाकून हळूच बोलली, "रांजना, ती घालील पानी. झाड वाळताना तिला बगवत न्हाई, मला ठाऊक हाय. आल्यावर पैलं टमाटं दोघी अर्धं अर्धं खाऊ. तिच्या दारचं पानी न्हाई पिनार म्हनले व्हते. टमाट्यातलं पानी चालतंय की न्हाई?" स्वतःशीच खुदकन हसली. मग म्हणाली, "येते रं."

आणि ती आली नाही.

चैत्रात ट्रॅक्टरमधून भारत उतरला, मनिषा उतरली, आणि कडूबाईचं लुगडं बांधलेलं एक गाठोडं उतरलं. माघात कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत ताप चढला आणि ती गेली. तिकडंच नदीकाठी तिला अग्नी दिला. भेटायला आलेल्या माणसांना भारत सांगत होता, "दहाव्याला कावळा शिवला न्हाई पिंडाला. घर बांधतो म्हनलं, लेकरं शिकवतो म्हनलं, शेळ्या इकत न्हाई म्हनलं. न्हाईच शिवला. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला. काय ऱ्हायलं व्हतं तिच्या मनात, देव जानं."

मित्रांनो, मला ठाऊक होतं! त्या अंगणात ते ठाऊक असलेला मी एकटाच, आणि मला तोंड असून सांगता येत नव्हतं. त्यासारखं दुःख नाही.

आल्या दिवशी त्यांनी अंगण पाहिलं, तर सगळं करपून गेलेलं आणि माझ्यात मात्र टमाट्याचं झाड काठावरून खाली लोंबलेलं. हिरवंगार. त्याला तीन टमाटी धरलेली, एकाला लाली चढत होती. मनिषा भारतकडे वळली.

"बंद घरात पाच म्हयने पानी कोन घातलं हो?"

भारतनं भिंतीपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. सत्यभामा असं काही करील हे कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. त्यामुळे एकच नाव उरलं, आणि ते दोघांनीही घेतलं नाही.

त्यात भर माझ्या फुटक्या काठाची. भर दुपारी बाराला वारं सुटलं की त्या काठावरून आत शिरायचं आणि माझ्या पोटातून आवाज निघायचा, "येऽऽ… येऽऽ…" मनिषाच्या हातून तांब्या पडायचा.

"ऐकलं का? आत्याबाई हाक मारायल्यात."

"वारं हाय ते. कावून भ्यायलीस?" भारत म्हणायचा, पण स्वतः माझ्याजवळून जाताना चार हात लांबून जायचा. खरं सांगू? वारं होतं की ती होती, हे मलाही कळत नव्हतं. तिचा शब्द माझ्या पोटात होताच. तो आपणहून बोलत नसेल कशावरून?

पहिलं टमाटं पिकून लाल झालं. गावरान, रेघांचं, मुठीएवढं. साऱ्या वाडीत उन्हाळ्याचं पहिलं. पण कुणी हात लावेना. मनिषा झाडाला पाणीही घालेना. शेवटी भारत म्हणाला, "अमुशाच्या आत उपटून टाक. रांजन बी वड्यात नेऊन फोडतो." मी आतल्या आत हादरलो. मला फोडलं तर फोडू देत, मी काय, मातीच. पण झाड गेलं असतं तर त्या म्हातारीचं बोलणं कायमचं राहून गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी भर बाराला मनिषा खुरपं घेऊन आली. ओठ घट्ट मिटलेले. ती वाकणार एवढ्यात भिंतीवरून एक सुरकुतलेला हात आला आणि हातातला तांब्या माझ्यावर कलला. मनिषा किंचाळली. तांब्या खणकन अंगणात पडला आणि भिंतीआड वाकून बसलेल्या सत्यभामेचं डोकं वर आलं.

"काकू? तुमी?"

"वरडू नकोस गं, जीव जातो का काय माजा!" सत्यभामेनं पदर सावरला. "वाळायलं व्हतं. मला काय करायचंय त्याचं? पर वाळायलं व्हतं."

"पाच म्हयने तुमीच घातलं?"

"तर काय आभाळातून पडायलंय पानी?"

मनिषा हसायला लागली आणि हसता हसता रडायलाच लागली. "आमाला वाटलं, आत्याबाई घालायल्यात."

"ती कशाला घालील?" सत्यभामेचा आवाज चिरकला. "तिनं माज्या पान्याची शपथ घेतलेली. ती गेल्याचं कळल्यापास्नं तर येऊन माजा हात धरती का काय म्हनून भीत भीत घालायचे मी. रोज म्हनायचे, कडू, बोल की गं आता. तर आतून माजंच बोलनं माज्या अंगावर यायचं."

खुरपं बाजूला ठेवून मनिषानं पिकलेलं टमाटं तोडलं आणि तिच्यापुढं धरलं. "पानी तुमी घातलं. पैलं तुमी खा."

"न्हाई. पैलं तिचं." सत्यभामेनं ते भिंतीवर ठेवलं आणि मान वर करून कावळ्याला हाक मारली.

कावळा आला. समोरच्या लिंबावर बसला, मान वाकडी करून पाहत राहिला आणि उतरेना. मनिषाचं तोंड उतरलं. तिनं दहाव्याची सगळी हकीगत सांगितली आणि हात जोडले, "आत्याबाई, तुमचं बी मोडू देनार न्हाई. तुमचं लुगडं जपून ठिवीन." कावळा ढिम्म. वारं सुटलं आणि माझ्या पोटातून तो आवाज निघाला, "येऽऽ…" दोघी एकमेकींना बिलगल्या, मधे भिंत असूनसुद्धा. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, अगं अर्धं करा, अर्धं! पण बाहेर जायचं ते फक्त वारं.

सत्यभामा टमाट्याकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "अगं बाई! अख्खं कसं खाईल ती? कवा खाल्लंय तिनं एकटीनं अख्खं?"

तिनं टमाटं उचलून कचकन चावा घेतला. रस हनुवटीवरून गळ्यात उतरला.

"काकू, उष्टं झालं!"

"उष्टंच खात आलोय आमी." तिनं उरलेलं अर्धं भिंतीवर ठेवलं. "घे गं कडू. सुटली तुजी शपथ."

कावळा लिंबावरून सरळ खाली आला. त्यानं ते अर्धं टमाटं चोचीत धरलं आणि ओढ्याच्या बाजूला उडून गेला. भिंतीवर थोडा रस राहिला. मनिषानं तो बोटानं टिपून कपाळाला लावला.

त्या दुपारपासून माझ्या पोटात तिचा शब्द नाही. वारं अजून येतं, पण ते नुसतं वारं असतं. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. मला मात्र रिकामं वाटतं, ते मी कुणापाशी लपवणार? इतके महिने ती माझ्यात होती.

उरलेल्या दोन टमाट्यांचं बी सत्यभामेनं राखेत घोळवून ठेवलं. या दिवाळीला ते माझ्यातच टोचलं आहे. मित्रांनो, फुटकं भांडं दिसलं तर लगेच उकिरड्यावर टाकू नका, त्यात मूठभर माती घालून पाहा. आणि तुमचा कुणाशी अबोला असेल, तर आजच जाऊन बोला. पाहिजे तर भांडा, पण माणसाशी बोला. मनातलं रांजणाला सांगून ठेवू नका. रांजण जपून ठेवतो हो, पण पोचवत नाही.

परवा ट्रॅक्टर दारात आला. दाराला कुलूप लागलं. निघताना मनिषा माझ्यापाशी आली, वाकली आणि म्हणाली, "येते रं." मला धडकी भरली. तोच शब्द, तेच अंगण. मी उलट बोलणार, एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "ये गं. टमाटं लाल व्हायच्या आत ये. मी अर्धं ठिवनार न्हाई, सांगून ठिवते!"

मनिषा हसत ट्रॅक्टरकडे पळाली. आज दुपारी बाराला भिंतीवरून तांब्या आला. आता तो लपत नाही.