नलूचे चार मार्क

“सहा पोरांचं खोटं तुमीच माह्या हातून करून घेतलं, अन् माही पोर तेवढी अडवली,” अच्युत मास्तर संस्थेच्या अध्यक्षांच्या तोंडावर बोलले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा आवाज असा कधी चढला नव्हता.

अध्यक्षांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. पुलगावात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. चोपन्न सालची, मॅट्रिकच्या आधीची शाळेतली परीक्षा. बुककीपिंगमध्ये सहा पोरं गळली, सगळी बड्यांची. नापासाचा फॉर्म बोर्डाकडे जात नाही, म्हणून वरून निरोप आला आणि मास्तरांनी मुकाट्यानं मार्क वाढवले. फॉर्म काल रवाना झाले. मास्तरांच्या स्वतःच्या पोरीचा, नलूचा, गेला नाही. दोन मार्क कमी पडले. फॉर्म गेला तर सेलूच्या स्थळाला नाही म्हणून कळवायचं, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं.

“मी सहाच नावं धाडली होती, मास्तर. पोरीले मी काऊन अडवीन?” अध्यक्ष म्हणाले. “मले तर वाटलं, तुमी तिचेबी वाढवून घ्यान. पेपर कोनं तपासला तिचा?”

मास्तर उठले. चपला घालायला त्यांना वेळ लागला.

सहाव्या पोराचे मार्क वाढवून झाले आणि हाती नलूचा पेपर आला होता. ताळेबंद जुळलेला. फक्त बेरजेखाली दुहेरी रेघ नव्हती. त्या रेघेपायी त्यांनी आजवर कुणाचा अर्धा मार्क कापला नव्हता. नलूचे चार कापले. मास्तरानं पोरीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको. आणि कापताना बरं वाटलं होतं. सहा वेळा वाकलेला माणूस एकदा ताठ उभा राहिला, असं वाटलं होतं. ताठ व्हायला घरचीच पोर सापडली.

घरी नलू ज्वारी निवडत बसली होती. मास्तरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न लपवता. ती खडे वेचत राहिली. सांगून झालं तसा तिचा हात थांबला.

“त्या सहाजणांच्या बापाचं भ्या वाटलं, म्हनून त्यांले पास केलं. ते समजलं मले.” तिनं मान वर केली. “माहं कोनाले भ्या नाई, म्हनून मले नापास केलं का?”

मास्तर खुंटीवरच्या टोपीकडे बघत राहिले.

“तिकडं नका पाहू, बाबा. सांगा मले.”